काडतूस बदलल्यावर पिस्तुलाची गोळी वर-खाली का लागते?

आपण दोन निरीक्षणे दिली आहेत आणि ती परस्परविरोधी आहेत असे आपल्याला वाटते. ०.२२ च्या (म्हणजे इतक्या इंच व्यासाच्या) स्पोर्ट पिस्तुलात नेहमीच्या स्टँडर्ड काडतुसांऐवजी हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाची, काडतुसे वापरली, तेव्हा २५ मीटरवर गोळ्या किंचित वर लागल्या, मित्राच्या ०.३२ च्या सेंटर फायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात करून दारू पेटवणाऱ्या) पिस्तुलात मात्र हलकी आणि जास्त वेगाची गोळी वापरली, तर त्या खाली लागल्या. वेग वाढल्यावर गोळी वर जायला हवी की खाली, आणि काडतूस बदलले की दर वेळी साइट, म्हणजे नेम धरायची खूण, हलवायची का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात क्लबच्या पातळीवर ही दोन्ही पिस्तुले बरीच वर्षे चालवत आलो आहे आणि याच गोंधळात एक अख्खा मोसम घालवला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आपण वेगाकडे पाहत आहात. आधी गोळीच्या वजनाकडे पाहायला हवे.

प्रथम गुरुत्वाकर्षणाचा हिशेब उरकू, कारण तो सोपा आहे आणि त्याचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा लहान आहे. ४० ग्रेनच्या, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमच्या स्टँडर्ड गोळीचा वेग खोक्यावर सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास लिहिलेला असतो, पण तो रायफलच्या लांब नळीतून मोजलेला असतो. पिस्तुलाच्या १५ सेंटिमीटरच्या नळीतून तो २७० च्या घरात येतो. त्या वेगाने २५ मीटर जाताना गोळी चार सेंटिमीटरहून थोडी जास्त खाली येते. हाय व्हेलॉसिटी काडतुसातून तीच ४० ग्रेनची गोळी ३१० ने निघाली, तर ती सव्वातीन-साडेतीन सेंटिमीटर खाली येते. फरक जेमतेम एका सेंटिमीटरचा. प्रिसिजन प्रकाराच्या टार्गेटवर गुणांची एक रिंग २५ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे हा फरक अर्ध्या रिंगेपेक्षाही कमी झाला. आपल्या पहिल्या निरीक्षणाचे स्पष्टीकरण एवढेच आहे: वजन तेच, वेग जास्त, म्हणून गोळी किंचित वर.

दुसऱ्या निरीक्षणासाठी मात्र गोळी नळीतून बाहेर पडण्यापूर्वी काय होते ते पाहावे लागते. दारू पेटल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद जातो. एवढ्या अवधीत आपले स्नायू काहीच करू शकत नाहीत, पण पिस्तूल हलायला लागलेले असते. नळी मुठीच्या वर असल्यामुळे मागे बसणारा धक्का पिस्तुलाचे तोंड वर फिरवतो आणि गोळी सुटते ती या वर झालेल्या तोंडातून. साइट लावलेल्या असतात त्या हे फिरणे गृहीत धरूनच.

रेंजवर याचे एक स्पष्टीकरण पिढ्यानपिढ्या ऐकवले जाते: हळू गोळी नळीत जास्त वेळ राहते, म्हणून तोंड जास्त उचलले जाते आणि गोळी वर लागते. हे अर्धेच खरे आहे. वेळ जास्त मिळतो, पण त्याच प्रमाणात पिस्तूलही हळू हलत असते, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींना जवळजवळ पूर्ण खोडून काढतात. स्थिर पाण्यातल्या होडीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जाणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. तो चालत गेला काय किंवा धावत गेला काय, होडी उलट दिशेला तेवढीच सरकते; ती किती सरकेल हे त्याच्या वजनावर ठरते. शाळेतला संवेग अक्षय्यतेचा नियम तो हाच. पिस्तूल ही होडी आहे आणि गोळी हा माणूस. गोळी नळीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत पिस्तूल किती फिरेल हे मुख्यतः गोळीचे वजन, नळीची लांबी, पिस्तुलाचे वजन आणि नळी मुठीच्या किती वर आहे यांवर अवलंबून असते; वेगाचा त्यात फारसा संबंध येत नाही. दारूलाही वजन असते, पण ०.२२ मध्ये ते नगण्य आहे. मॅग्नम काडतुसांत ते हिशेबात धरावे लागते.

आता आपल्या मित्राचे पिस्तूल घ्या. ०.३२ एस अँड डब्ल्यू लाँग या त्याच्या काडतुसात स्पर्धेसाठी सपाट तोंडाची वॉडकटर गोळी वापरतात. ती ९८ किंवा १०० ग्रेनची असते, आणि लापुआ कंपनीची ८३ ग्रेनचीही मिळते. ९८ वरून ८३ वर आल्यास वजन सुमारे १५ टक्क्यांनी घटते, त्यामुळे पिस्तुलाचे फिरणेही तेवढ्याच प्रमाणात घटते. हा बदल कोनात अगदी सूक्ष्म असतो, परंतु एका रेडियनचा (सुमारे ५७ अंशांचा) एक हजारांश भाग २५ मीटरवर २५ मिलिमीटर होतो, म्हणजे नेमकी एक रिंग. वाढलेल्या वेगामुळे जे काही मिलिमीटर वर मिळतात, ते या घटीत बुडून जातात. ०.३८ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हाच परिणाम आणखी ठळक दिसतो, कारण तिथे नळी मुठीच्या बरीच वर असते. पक्क्या साइटची जुनी रिव्हॉल्व्हरे १५८ ग्रेनच्या गोळीसाठी जुळवलेली असत, आणि त्यांत ११० किंवा १२५ ग्रेनची गोळी घातली की ती हमखास खाली लागते.

हवेच्या पिस्तुलात नेमके उलटे घडते, आणि एअर पिस्तुलावरून २५ मीटरकडे वळलेल्या माणसाचा तिथेच घोटाळा होतो. तिथला छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १५० मीटरच्या आसपास, आणि आधुनिक पिस्तुलात धक्का शोषणारी यंत्रणाही असते. त्यामुळे तिथे फिरण्याचा वाटा उरत नाही. जड छर्रा हळू जातो आणि सरळ खाली लागतो. ०.४५ ग्रॅमऐवजी ०.५३ ग्रॅमचा छर्रा घेतल्यास १० मीटरवर सुमारे चार मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे तिथल्या आठ मिलिमीटरच्या रिंगेचा अर्धा भाग.

आता थोडे कटू बोलतो. आपण जो फरक पाहिला तो काडतुसाचाच होता, हे आपण कशावरून ठरवले? आपण दोन्ही काडतुसांच्या प्रत्येकी पाच गोळ्यांचा एकेक ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचा संच, मारला असे लिहिले आहे. समजा आपल्या गोळ्यांचे उभ्या दिशेतले विखुरणे, म्हणजे प्रमाण विचलन, ४० मिलिमीटर आहे. क्लबच्या नेमबाजासाठी हा आकडा वाईट नाही. तर पाच गोळ्यांच्या ग्रुपचे मध्य १८ मिलिमीटरने इकडेतिकडे होणे अगदी स्वाभाविक आहे, आणि अशा दोन ग्रुपांच्या मध्यांत, एकाच खोक्यातली काडतुसे असली तरीही, एका रिंगेचा फरक सहज दिसू शकतो. मी ज्या मोसमाचा उल्लेख वर केला, त्यात मी हेच केले होते. दर शनिवारी पाच गोळ्या मारायच्या, साइटचे दोन क्लिक (तिच्या स्क्रूचे टप्पे) फिरवायचे, आणि पुढच्या शनिवारी ते उलटे फिरवायचे. काडतुसाचा दोष काहीच नव्हता. प्रत्येकी २० गोळ्या मारल्या तर हाच अनिश्चितपणा निम्म्यावर येतो, म्हणून त्यापेक्षा कमी गोळ्यांवरून निष्कर्ष काढू नये.

चाचणी करताना दोन गोष्टी सांभाळा. ०.२२ च्या गोळीवर मेणाचा किंवा वंगणाचा लेप असतो आणि तो नळीत साचतो. ब्रँड बदलल्यावर नव्या लेपाचा थर बसेपर्यंत गोळ्या विखुरतात. म्हणून बदलानंतरच्या पहिल्या १०-१२ गोळ्या हिशेबात धरू नका. दुसरे म्हणजे, पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून साइट जुळवू नका. टेकवलेले पिस्तूल हातातल्यासारखे फिरत नाही, त्यामुळे गोळी लागण्याची जागाच बदलते. पिशवीवर ग्रुप किती घट्ट बसतो ते पाहावे. साइट मात्र स्पर्धेतल्याच पवित्र्यात, एका हाताने उभे राहून जुळवावी. मूठ धरण्याचा जोर बदलला तरी फिरणे बदलते, आणि माझ्या अनुभवात थकलेला हात कोणत्याही काडतुसापेक्षा जास्त उपद्रव करतो.

आपल्या शेवटच्या प्रश्नाविषयी: दर वेळी साइट हलवू नका, काडतूस बदलणे थांबवा. आपल्याकडे परवान्यावर काडतुसांची मर्यादा नोंदलेली असते आणि आयात माल वेळेवर मिळेलच असे नसते, त्यामुळे हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड आहे, याची मला कल्पना आहे. तरीही सरावासाठी एक आणि सामन्यासाठी एक अशी दोन काडतुसे ठेवायचीच असतील, तर ती एकाच वजनाची निवडा. मग फरक मिलिमीटरांतच राहील. सीसीआय स्टँडर्ड आणि एसके स्टँडर्ड प्लस ही दोन्ही ०.२२ ची काडतुसे ४० ग्रेनची आहेत आणि त्यांचे छापील वेगही जवळजवळ सारखे आहेत. हाय व्हेलॉसिटी काडतुसे स्पर्धेच्या पिस्तुलात मी वापरत नाही, कारण ही पिस्तुले सहसा स्टँडर्ड काडतुसांसाठी बनवलेली असतात आणि जास्त जोराने स्लाइड व स्प्रिंग लवकर झिजतात. खोक्यावरचा लॉट क्रमांक, म्हणजे उत्पादनाच्या तुकडीचा क्रमांक, मात्र वहीत लिहून ठेवा, आणि त्यापुढे त्या दिवशी साइट किती क्लिकवर होती तेही. लॉट बदलला की २० गोळ्या मारून पाहा. मध्य अर्ध्या रिंगेच्या आत असेल, तर साइटला हात लावू नका.