राजीनाम्यावर सही करू नका, सर

प्रश्न : सोलापुरातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत 18 वर्षे गणित शिकवतो. मधुमेहामुळे डोळ्यांचा पडदा खराब झाला. लेझर झालं, ऑपरेशन झालं, तरी आता फळ्यावरचं दिसत नाही. संस्थेने टाइप केलेला राजीनामा पुढे ठेवला आहे. ‘गड्डा जत्रेच्या सुट्टीआधी सही करा, नाहीतर वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरवून काढू. पेन्शन मिळेलच की!’ असं म्हणतात. निवृत्तीला 11 वर्षे आहेत. काय करावं?

उत्तर : सर, सही करू नका. घरचं माणूस शेजारी बसून वाचून दाखवत नाही तोवर मस्टर सोडून कुठल्याच कागदावर नको. खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या 1977 च्या कायद्यातलं कलम 7 सांगतं की, राजीनामा कर्मचाऱ्याने दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही-तारीख टाकायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवायची आणि दुसरी स्वतःकडे ठेवायची. मुख्याध्यापकांच्या टेबलावर घेतलेली सही यात बसत नाही. पण एकदा सही गेली की ते सिद्ध करण्यात वर्षं जातात. शाळेत जाणंही थांबवू नका. दवाखान्यामुळे जमणार नसेल त्या दिवसाचा रजेचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. विनापरवाना गैरहजेरी हे संस्थेच्या हातातलं सोपं हत्यार असतं.

आता ‘अपात्र’ या शब्दाकडे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 (लागू 19 एप्रिल 2017) याचं कलम 20(4) म्हणतं की, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने कामावरून कमी करायचं नाही आणि त्याचा दर्जाही उतरवायचा नाही. या कायद्यातल्या व्याख्येत शासकीय अनुदानावरची संस्थाही ‘शासकीय आस्थापना’ ठरते. म्हणून तुमचं पद अनुदानावर आहे हे दाखवणारं मान्यतापत्र आजच शोधून ठेवा. कामाला योग्य राहिला नाहीत असं ठरलं तरी त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यायचं. तेही जमत नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत, जे आधी येईल तोवर, अधिसंख्य पदावर ठेवायचं.

इथे ठरलेलं उत्तर येतं : ‘संचमान्यतेत (शाळेच्या मंजूर पदांच्या यादीत) जागा नाही.’ अहो, अधिसंख्य पद असतंच मुळी मंजूर पदांबाहेरचं! जागा नसणं हे ते पद मागण्याचं कारण आहे, नाकारण्याचं नव्हे. म्हणूनच अर्जाची प्रत जिल्हा परिषदेतल्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना द्या, कारण पगार शालार्थ या सरकारी वेतन प्रणालीतून निघायचा तर मान्यतेची फाइल तिथूनच जाणार.

पेन्शनच्या गाजराला सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच उत्तर दिलंय. कुणाल सिंग खटल्यात सेवेत असताना पाय गमावलेल्या जवानाला अपात्रता पेन्शन देऊन घरी पाठवलं होतं. पेन्शन मिळतं म्हणून नोकरीचं संरक्षण काढून घेता येत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. तेव्हा 1995 च्या दिव्यांग कायद्याचं कलम 47 होतं, आजचं 20(4) त्याचाच वारस. 1995 चा तो कायदा मंजूर व्हावा म्हणून दिव्यांग कार्यकर्ते दिल्लीत संसदेबाहेर धरणं धरून बसले होते. हे संरक्षण कुणी मेहेरबानी म्हणून दिलेलं नाही. मागताना आवाज खाली नको.

माझं मत विचाराल तर थेट अधिसंख्य पद मागू नका. ‘मला शिकवता येत नाही’ हे तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं. आधी आहे त्याच पदावर वाजवी सोय मागा : स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, बसवलेला संगणक (एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, मराठीही वाचतो), फळ्यावर लिहायला आणि वह्या तपासायला मदतनीस, तळमजल्यावरचा वर्ग. त्याखाली ‘हे शक्य नसल्यास कारणं लेखी कळवून कलम 20(4) प्रमाणे समकक्ष पद, अन्यथा अधिसंख्य पद द्यावे’ एवढं एक वाक्य. आवक क्रमांकाचा शिक्का द्यायला शाळा टाळाटाळ करेल. मग तोच अर्ज पोचपावतीसह पोस्टाने.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज भरा आणि तपासणीला सिव्हिलला जा. जुने लेझर-ऑपरेशनचे कागद न्या. चष्मा लावून चांगल्या डोळ्याची दृष्टी 3/60 पेक्षा कमी असेल तर कायद्याने अंधत्व, 6/18 पेक्षा कमी पण 3/60 पर्यंत असेल तर अल्पदृष्टी. 20(4) च्या मजकुरात 40 टक्के दिव्यांगत्वाची अट नाही, त्यामुळे कार्डाची वाट बघत अर्ज थांबवू नका.

अर्जाला उत्तर आलं नाही तर दिव्यांग कायद्याच्या कलम 23 खाली शाळेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. असा अधिकारी नेमलेलाच नसेल तर तेही लिहून घ्या, तो वेगळा भंग आहे. पुढे जिल्हास्तरीय समिती, आणि पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्त. आयुक्तांच्या शिफारशीवर संस्थेने तीन महिन्यांत कार्यवाही कळवायची किंवा नकाराची कारणं द्यायची. पण ती शिफारस असते, कोर्टाचा हुकूम नव्हे.

माणसं फसतात ती इथेच. आयुक्तांकडे अर्ज पडलेला असतो आणि तेवढ्यात सेवासमाप्तीचा आदेश हातात येतो. त्यावर 1977 च्या कायद्याच्या कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणात अपील आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत करायचं असतं. आयुक्तांकडे प्रकरण आहे म्हणून हे दिवस थांबत नाहीत. लिफाफा मिळालेली तारीख त्यावरच लिहून ठेवा. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर मुंबईची फेरी नको : 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूरची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत.

वकिलाकडे जाताना नेमणुकीचा आदेश, मान्यतापत्र, सेवापुस्तकाची झेरॉक्स, शेवटची पगार स्लिप आणि तो टाइप केलेला राजीनामा सोबत असू द्या. तो फाडू नका, बिनसहीचाच ठेवा. दबाव कुणाकडून आला हे दाखवायला तोच कागद लागेल.