लागर आणि एल या बिअरच्या दोन प्रकारांत नेमका फरक काय? आणि पिल्सनर कुठली?

फरक रंगाचा नाही, यीस्टचा (बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवाचा). एलचं यीस्ट 15 ते 22 अंशांत भराभर आंबवतं, म्हणून फळांसारखा वास येतो. लागरचं यीस्ट थंडीत सावकाश काम करतं, मग बिअर काही आठवडे गारव्यात मुरवतात. जर्मनमध्ये 'लागर्न' म्हणजे साठवणं.

पिल्सनर ही लागरच, बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) पिल्झेन शहरातली. 1838 मध्ये तिथे खराब झालेली 36 पिंपं बिअर भर चौकात ओतून दिली गेली! मग लोकांनी नवी ब्रुअरी (बिअरचा कारखाना) उभारली, बव्हेरियाहून बिअर बनवणारे योझेफ ग्रोल यांना बोलावलं. 1842 मध्ये क्षार फार कमी असलेलं तिथलं पाणी, फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि जवळच्या झाटेत्स गावचे हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) यांतून लख्ख सोनेरी बिअर उतरली. आपल्याकडची नेहमीची बाटलीतली बिअर बहुतेक याच घराण्यातली, फक्त कडवटपणा कमी.