एअर पिस्तुलाचा ट्रिगर 'चांगला' कशाला म्हणायचं? क्लबच्या पिस्तुलाचा ट्रिगर घाण वाटतो, हलका करून घेऊ का?

हलका करून घेऊ नका. एवढ्यावर थांबलो असतो, पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की कोच म्हणतात, "500 ग्रॅमच्या अगदी काठावर आणून घे, लोण्यासारखा चालेल." या सल्ल्यापायी चांगल्या चांगल्या पोरांचे स्कोअर पडलेले इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे स्पर्धेत पिस्तुलं तपासतात त्या, टेबलापलीकडून दिसतात, म्हणून लांबण लावतोय.

10 मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर सुटायला किमान 500 ग्रॅम वजन लागलं पाहिजे हा नियम तुम्हाला माहीत आहेच. 25 मीटर पिस्तुलाला, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये सोनं घेतलं त्या प्रकाराला, किमान 1000 लागतात. वजन दुप्पट, तरी नीट लावलेला हजाराचा ट्रिगर बिघडवलेल्या पाचशेच्या ट्रिगरपेक्षा कितीतरी स्वच्छ लागतो. कारण बोटाला ग्रॅम कळत नाहीत, बदल कळतो. पहिल्या टप्प्यात, म्हणजे 'फर्स्ट'मध्ये, बोट 380-400 ग्रॅम उचलतं, मग ट्रिगर एका ठिकाणी अडतो, आणि उरलेल्या 110-120 ग्रॅमला, म्हणजे 'सेकंड'ला, तिथल्या तिथे सुटतो. ही अडण्याची जागा दर शॉटला तीच आणि तेवढीच कडक असली की ट्रिगर चांगला. बाकी सगळं त्यानंतर.

वाईट ट्रिगरचे प्रकार मात्र वेगवेगळे, आणि 'घाण वाटतो' एवढ्यानं निदान होत नाही. अडल्यानंतरही तो किंचित सरकत, खरखरत पुढे जात असेल तर तो क्रीप: सिअर, म्हणजे ट्रिगर दाबेपर्यंत हॅमरला अडवून धरणारा तुकडा, हॅमरला गरजेपेक्षा जास्त धरून बसलाय, नाहीतर मध्ये घाण आहे. अडतच नसेल, सरळ घसरत जाऊन केव्हातरी सुटत असेल, तर उलटं: सिअरची पकड फारच कमी ठेवलीय, किंवा सेकंडचं वजन कुणीतरी काढून टाकलंय. सुटल्यावर बोट धपकन मागे जात असेल तर स्टॉप स्क्रू, म्हणजे सुटल्यावर ट्रिगरला थांबवणारा स्क्रू, ढिला आहे. ट्रिगरची पट्टी आडवी हलत असेल तर पिन झिजलीय किंवा पट्टीचा स्क्रू सैल आहे. चारही तक्रारींवर वजन कमी करणं हा उपाय नाही, आणि दुसरीत तर तेच मूळ दुखणं असू शकतं.

आता काठावरच्या पाचशेचं. एका स्पर्धेत एका मुलीचं पिस्तूल टेबलावर आलं. बॅरल उभी, वजन ट्रिगरच्या मधोमध, हवेचा सिलिंडर चालू. वजन टेबलावरून उचलायच्या आधीच ट्रिगर सुटला. तीन प्रयत्न मिळतात, तिन्ही गेले. कोच तावातावानं सांगत होते की काल डिजिटल काट्यावर 505 दाखवत होता. दाखवत असणारच! काट्याचा हूक त्यांनी पट्टीच्या वरच्या टोकाला, पिनजवळ लावला होता. तिथे लिव्हर आखूड, त्यामुळे तोच ट्रिगर जास्त जड दिसतो. मधोमध मोजला असता तर सत्तर-ऐंशी ग्रॅमनी कमी भरला असता. त्यात काटा झटक्यानं ओढला की कमाल आकडा आणखी फुगतो. आणि मोजलं होतं ड्राय फायरवर, म्हणजे हवा न सोडता नुसता ट्रिगर सोडून. नियमात गॅस चालू ठेवूनच तपासणी लिहिलीय ती उगाच नाही. काही पिस्तुलांत ड्रायवर आणि लाइव्हवर सिअरवरचा ताण सारखा नसतो.

पुढचा तमाशा तर त्याहून वाईट. रिले, म्हणजे तिच्या गटाची फेरी, सुरू व्हायला थोडा वेळ, म्हणून कोचनी फर्स्टचा स्क्रू आवळून वजन भरून काढलं. पाचशेचं वजन उचललं गेलं, स्टिकर लागला, सगळे खूश. पण सेकंड उरलाच नव्हता. सगळं वजन पहिल्या टप्प्यात, शेवटी अडण्याची जागा नाही. नेम धरायच्या पुढच्या-मागच्या साईट जुळायच्या आत शॉट जायला लागले, मग ती घाबरून बोट मागे घ्यायला लागली, आणि त्या दिवशी तिला साठ शॉटना 75 मिनिटंही अपुरी पडली. दोष कुणाच्या माथी? "मुलगी प्रेशर घेते." ही थाप मला आता ऐकवत नाही.

हिशेब सांगतो. पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये साधारण 330 मिलिमीटर अंतर असतं. ट्रिगर सुटताना पुढची साईट एक दशांश मिलिमीटर बाजूला गेली की 10 मीटरवर छर्रा 3 मिलिमीटर सरकतो. दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर. म्हणजे अचानक सुटणारा ट्रिगर काय करू शकतो बघा. हात थोडा झुलला आणि साईट एकमेकींशी जुळलेल्या राहिल्या तर शॉट इतका वाया जात नाही.

लावायचा तर या क्रमानं लावा, पिस्तुलात छर्रा नाही याची खात्री करून. आधी पट्टी पुढे-मागे करून बोटाची जागा ठरवा. मग पहिल्या टप्प्याची लांबी. फार आखूड करू नका, बोटाला अंदाज घ्यायला जागा लागते. मग सिअरची पकड: क्रीप जाईपर्यंत स्क्रू एकावेळी अष्टमांश वळण फिरवायचा, आणि क्रीप गेला की तिथेच थांबायचं. त्यानंतर सेकंडचं वजन, सगळ्यात शेवटी फर्स्टच्या वजनानं बेरीज 510 ते 520 वर आणायची. 500 वर कधीच नाही, कारण वजन स्पर्धा संपेपर्यंत टिकायला हवं आणि मॅचनंतरच्या तपासणीत कमी भरलं तर थेट बाद. स्टॉप स्क्रू आत घेत जा, ट्रिगर सुटेनासा झाला की सुटेपर्यंत मागे, आणि वर आणखी पाव वळण. अगदी घट्ट ठेवलात तर एखादा शॉट अडकेल किंवा वजन वरखाली होईल. शेवटी कॉक करून, बॅरल सुरक्षित दिशेला ठेवून ग्रिपवर तळहातानं पाच-सहा थापा मारा. सुटला, तर सिअरची पकड वाढवा. क्रीप परत आला तरी चालेल. प्रत्येक स्क्रू किती फिरवला ते लिहून ठेवा. कुठला स्क्रू कशाचा हे मॉडेलनुसार बदलतं, मॅन्युअल बघा. स्टायर कंपनीच्या पिस्तुलाचं पाहून मोरिनी कंपनीच्या पिस्तुलाला हात लावू नका.

एमरी पेपर किंवा पॉलिश सिअरला लावायचं नाही. कडक केलेला थर पातळ असतो, तो गेला की खालचं मऊ लोखंड भराभर झिजतं, कोन बदलतो, आणि महिनाभर सुंदर चाललेला ट्रिगर एक दिवस धरेनासाच होतो. एअर पिस्तुलात निदान लिव्हर बंद करताना कळतं. पॉइंट टू-टू सेमी-ऑटोमध्ये, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या .22 बोअरच्या पिस्तुलात, हाच उद्योग केला तर एका दाबात दोन गोळ्या सुटू शकतात, आणि दुसरी कुठे जाईल याची हमी नाही.

क्लबच्या पिस्तुलात तर निम्म्या वेळा नुसतं तेलच जास्त असतं. कुणीतरी प्रेमानं स्प्रे मारतो, त्यावर धूळ बसते, छर्र्याच्या शिशाची पूड बसते, आणि त्याचा लेप होतो. ट्रिगर युनिट कापडानं पुसून, ब्रशनं झाडून, पिनपाशी पातळ तेलाचा अर्धा थेंब, बास. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत पिस्तूल फोमच्या पेटीत बंद ठेवू नका. फोम ओल धरतो, पिनांना गंज चढतो आणि ट्रिगर खरखरायला लागतो. सिलिका जेलची पुडी बदलत राहा.

आणि हे सगळं करायच्या आधी तुमचं बोट बघा. बोटाचा मधला भाग ग्रिपच्या लाकडाला टेकत असेल तर दाबताना ते लाकूडही ढकललं जातं, आणि माणूस म्हणतो ट्रिगर जड आहे. तिथे लाकूड थोडं घासून कागद आरपार जाईल इतकी फट करा. क्लबचं पिस्तूल असेल तर विचारून!

काही गोष्टी राहिल्या. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरमध्ये सिअरचं घर्षण नसतं, त्यामुळे वरचं क्रीपचं पुराण तिथे लागू नाही. बॅटरी आणि सर्किट ही तिथली काळजी. 50 मीटर फ्री पिस्तुलाला किमान वजनाची अट नाही हे खरं, कोच तो दाखला देतीलही. पण तो प्रकार 2016 च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून गेला, आणि तो खेळणारे अनेक वर्षं त्याच एका ट्रिगरवर हात बसवायचे. परवान्याचं रिव्हॉल्व्हर किंवा ड्युटीचं पिस्तूल असेल तर यातलं काहीही करू नका. ग्लॉकचा साधा ट्रिगर अडीच किलोच्या आसपास असतो, तो मुद्दामच तसा ठेवलेला.

नवीन पिस्तूल घ्यावं का, ते तुमचा स्कोअर कुठे अडलाय त्यावर आहे, आणि तो तुम्ही लिहिलेला नाही. तोवर आहे तेच 515 वर लावा, सेकंड स्वच्छ ठेवा. कोच ऐकत नसतील तर त्यांच्यादेखत बॅरल उभी धरा, सिलिंडर चालू ठेवा, पाचशेचं वजन ट्रिगरच्या मधोमध अडकवा आणि सावकाश उचला, तीनदा. मग त्यांच्या काठावरच्या पिस्तुलालाही तेच वजन लावा.