३१ मे ला सोसायटीतल्या मुलांसाठी भा. रा. भागवतांची जयंती कशी करावी? फास्टर फेणेचा सिनेमा दाखवला तर चालेल का?

सिनेमा नको. २०१७ च्या सिनेमातला फेणे कॉलेजच्या वयाचा आहे. भागवतांच्या पुस्तकांतला बनेश ऊर्फ फास्टर फेणे म्हणजे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला शाळकरी सायकलवीर, आणि मुलांची गाठ त्याच्याशीच पडली पाहिजे. शिवाय सोसायटीत सिनेमा लावायला हक्कदारांची परवानगी लागते. पुस्तकातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायला कायद्याने मोकळीक आहे. अख्खं पुस्तक झेरॉक्स करून वाटू नका. भागवत २००१ साली गेले, म्हणजे हक्क २०६१ अखेरपर्यंत आहेत.

तेव्हा गोष्ट वाचून दाखवा. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय आणि अध्यक्षीय भाषण यांत पाऊण तास गेला की पोरं उठून खेळायला जातात. मग त्याच व्यासपीठावरून ‘हल्ली मुलं वाचत नाहीत’ हे ऐकायला मिळतं. हे मला अजिबात मान्य नाही. त्यांना वाचून कोण दाखवतं?

मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण १२० शब्द होतात. २० मिनिटांचा, म्हणजे २४०० शब्दांचा उतारा काढा आणि फेणे संकटात सापडतो तिथे तोडा. पुढचं सांगायचं नाही. वाचणारे दोन असावेत, एक निवेदनाला आणि एक संवादांना. एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरलं की पान उलटताना लय तुटते, म्हणून माइक स्टँडवर लावा. पंचवीसेक मुलं सतरंजीवर अर्धगोल बसली तर माइकची गरजच नाही. फेणेचा तो ‘ट्टॉक’ आवाज मुलांनाच करू द्या: जीभ टाळूला चिकटवून झटक्यात सोडायची. सुरुवातीला एकदा सराव करून घ्या, नाहीतर मध्येच हशा पिकतो आणि गोष्ट मागे पडते.

भाषा ‘सोपी’ करून वाचायचा आग्रह कुणी धरेल, तो मोडून काढा. भागवतांचं वाक्य बोलकं आणि चपळ आहे. आडलेला शब्द पुढच्या दोन ओळींत आपोआप कळतो. तार, ट्रंक कॉल असलं काही आलंच, तर वाचनाआधी सांगून टाका.

पहिलं पुस्तक म्हणून ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ घ्या, बऱ्याच मुलांनी गड पाहिलेला असतो. जरा मोठ्यांसाठी ज्यूल व्हर्नवरून केलेलं ‘चंद्रावर स्वारी’, आणि पुस्तकवेड्यांसाठी भागवतांचाच पुस्तकवेडा नायक बिपिन बुकलवार आहेच. पुस्तकांसाठी पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत चौकशी करा. वाचलेल्या पुस्तकाच्या निदान तीन प्रती ठेवा. गोष्ट अर्धी सोडल्यावर एका प्रतीवरून भांडणं होतात.

दोन गोष्टी राहिल्या. मे अखेरीस संध्याकाळी वळीव येतो, त्यामुळे गच्चीऐवजी पार्किंग बरं. आणि निम्मी मुलं गावी असतील तर तारखेचा हट्ट सोडा. शाळा सुरू झाल्यावरचा पहिला रविवारही चालेल.