म्युझिऑलॉजी करायचंय म्हणतोस तर

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, शिकवतात. जमलं तर तिथेच जा. पण प्रवेशाची वाट बघत बसू नकोस. या सुट्टीतच एखाद्या छोट्या संग्रहालयात नोंदवहीचं काम मागून घे. कंटाळवाणं आहे, कबूल. वस्तू आली की आधी मोजमाप, फोटो, जुने तडे-डाग लिहून काढायचे, मग नोंदणी क्रमांक. तो भांड्यावर थेट लिहायचा नाही. तळाशी, चटकन दिसणार नाही अशा जागी, पुढे काढता येईल अशा लॅकरचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की वर क्रमांक. कागदाला मात्र मऊ पेन्सिलच, तीही मागच्या बाजूला. पहिल्याच महिन्यात मी एका जुन्या पत्रावर बॉलपेन टेकवलं होतं. मॅडम रागावल्या नाहीत, नुसतं हातातलं पेन काढून घेतलं. तेच जास्त लागलं!

पांढऱ्या सुती हातमोज्यांचाही फार सोस नको. चिनीमातीचं गुळगुळीत भांडं त्यांतून सटकतं. तिथे नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, बरे.

आणि मोडी शीक. पेशवेकालीन कागद समोर आला की नुसत्या पदवीने तो वाचता येत नाही.