एकाच घरातली दोन मुलं, एक मिठी मारतो नि एक 'शी' म्हणते

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एक ताई दोन्ही मुलांना घेऊन माझ्याकडे आल्या. ओळख पटेल असे तपशील इथे बदललेत. धाकटा नऊ वर्षांचा, त्याला विल्यम्स सिंड्रोम हा जन्मजात विकार. कमाटीबागेत आफ्रिकेतून बडोद्याला शिकायला आलेली काही मुलं बसली होती. हा धावत गेला नि एकाच्या गळ्यात पडला. थोरलीनं त्याला ओढलं, "शी, किती काळा आहे तो!" तेही त्या मुलाच्या तोंडावर. ताई म्हणाल्या, "हे रक्तातच असतं का हो?" हा प्रश्न मला बरेच पालक विचारतात.

विल्यम्समध्ये सातव्या गुणसूत्राच्या एका प्रतीतून पंचवीसेक जनुकांचा तुकडा गळालेला असतो. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, अरुंद असू शकते, शिकायला वेळ लागतो आणि परक्या माणसाची भीती जवळजवळ नसतेच. 2010 साली सान्तोस, मायर-लिंडेनबर्ग आणि डेरुएल यांनी अशा वीस मुलांना आणि विल्यम्स नसलेल्या वीस मुलांना गोऱ्या-काळ्या माणसांची चित्रं दाखवली नि यातला चांगला कोण, वाईट कोण असं विचारलं. विल्यम्स नसलेल्या मुलांचा कल गोऱ्याला चांगलं म्हणण्याकडे गेला, विल्यम्सच्या मुलांचा नाही. पण मुलींची कामं कुठली नि मुलांची कुठली, हे यांनाही इतरांसारखंच पाठ होतं! म्हणजे ही मुलं जगाकडून शिकत नाहीत असं नाही. परक्याची भीती नसेल तर रंगाचा आकस धरत नसावा, असा त्या संशोधकांचा कयास. अभ्यास छोटा आहे. त्यावरून वर्णद्वेषाचं जनुक शोधायला निघू नये.

"घरी रंगावरून काही बोलणं होतं?" मी विचारलं. ताई म्हणाल्या, "छे, आमच्याकडे तसलं काही नाही." थोरली लगेच म्हणाली, "आजी म्हणते ना, उन्हात खेळू नकोस, काळी पडलीस तर कोण करून घेईल तुला! आणि काकूला सगळे म्हणतात, काळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे."

ताई गप्प झाल्या.

धाकट्याच्या निरागसपणाचं फार कौतुक करू नका, असं मी बजावलं. अशी मुलं कुणाच्याही मागे जातात. त्याला एकच नियम घोकवायचा: मिठी घरच्यांना, बाहेरच्या सगळ्यांना लांबून नमस्कार, मग माणूस गोरा असो की काळा. थोरलीला नुसतं रागावलात तर ती तुमच्यासमोर बोलायची थांबेल, एवढंच. आधी मोठ्यांची तोंडं आवरायला हवीत.

"सासूबाईंना कोण सांगणार?"

"त्यांचा लेक. पुढच्या वेळी तुमच्या यजमानांनाही घेऊन या."