फेल्टच्या डोरेमॉनला ओलं फडकं लावू नका, आधी हे वाचा

ताई थांबा, फडकं खाली ठेवा. पाळण्याला टांगायच्या फेल्टच्या (दाबून केलेल्या जाडसर कापडाच्या) डोरेमॉनच्या पांढऱ्या चेहऱ्यावर कापडावर खुणा करायच्या निळ्या पेनच्या रेषा राहिल्यात, पेनवर 'पाण्याने जातं' असं लिहिलंय, म्हणून पुसून वर इस्त्री फिरवू का असं तुम्ही विचारलंय. अगदी हेच मी केलं होतं, बहिणीच्या बाळाच्या बारशाच्या आदल्या रात्री, म्हणून एवढं टाईप करत बसलेय. टाके तुम्हाला येतातच, फोटोत दिसतंय, त्यावर काही बोलत नाही.

माझे 5 डोरेमॉन होते, चिमणाळ्यासारखे, म्हणजे पाळण्यावर कापडी चिमण्या टांगतात तसे, रिंगला बांधायचे. शिवून भरून सगळं झाल्यावर मी हुशारीनं ओला बोळा दाबला. रेषा फिकट झाल्या पण गळ्यातल्या लाल पट्ट्याचा रंग सुटला की ओ, हनुवटीला गुलाबी ओघळ. मग घाबरून वाळवायला इस्त्री, तीही चांगली गरम. आपल्याकडे जे स्वस्त फेल्ट मिळतं ते बहुतेक पॉलिस्टर नाहीतर ॲक्रिलिकचं असतं, ते आक्रसलं, चकाकायला लागलं, आणि ज्या रेषा पुरत्या गेल्या नव्हत्या त्या उष्णतेनं कायमच्या बसल्या, वर तपकिरी होऊन. या निळ्या पेनचं तेच आहे, इस्त्री लागली की संपलं.

जिथून फेल्ट घेतलं तिथे दुसऱ्या दिवशी गेले तर म्हणे, "फेल्ट धुवायचं नसतंच हो". आणि घेताना? "एकदम पक्का रंग ताई, डोळे झाकून न्या." नाव घेत नाही, सांगली केवढीशी, उद्या परत बटणं घ्यायला तिथंच जायचंय.

तर आता तुमचं. माझ्या मते रेषा पुसूच नका, झाका. मिशांच्या आणि तोंडाच्या रेषांवर काळ्या दोऱ्यानं उलटी टीप घाला, भरतकामाच्या 6 पदरी लडीतले 2 पदर पुरतात. मिशा मात्र दोन्हीकडे 3-3 हव्यातच, नाहीतर डोरेमॉन कसला, निळी टोपी घातलेला रव्याचा लाडू दिसतो. कडेची रेष दिसत असेल तर पांढऱ्या फेल्टचा किंचित मोठा तुकडा कापून चेहऱ्यावरच शिवून टाका, फेल्टचे धागे सुटत नाहीत त्यामुळे दुमडायची भानगड नाही. पुसायचंच असेल तर कानात घालायच्या कापसाच्या काडीला थंड पाणी, फक्त रेषेवर, आणि तेही लालच्या कात्रणावर ओलं पांढरं सुती फडकं चोळून बघितल्यावर. फडक्याला रंग लागला तर विषय सोडा. मी काही क्लास घेत नाही, 3 डोरेमॉन वाया घालवून आलेली अक्कल आहे ही, तुमचं फेल्ट वेगळंही असू शकेल.

पुढच्या वेळी पेनच नको. चित्र पातळ ट्रेसिंग पेपरवर काढायचं, तो फेल्टवर टाचायचा, कागदासकट टाके घालायचे आणि मग कागद हळूच फाडून काढायचा. गडद रंगावर खुणा करायला साबणाची झिजलेली पातळ वडी, टेलर लोक वापरतात तशी.

अजून एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगते. फोटोत डोळ्यांना मणी दिसतायत. पाळण्याला लावणार असाल तर ते काढा, दोऱ्यानं भरा डोळे. घंटीसुद्धा पिवळ्या फेल्टचीच करा. बाळ दोन महिन्यांचं असेल आत्ता, सहाव्या महिन्यात सगळं ओढून तोंडात घालतं. आणि आत साधा कापूस नको, पावसाळ्यात दमट होऊन गोळे होतात, उशीत घालतात ते फायबर घ्या, थोडं थोडं करून भरा. डोरेमॉनला कान नाहीत ते एक बरंय, कान भरताना जीव जातो.

माझ्या पाचातले 2 वाचले होते, ते लावले. गुलाबी हनुवटीवाला एक अजून स्कूटरच्या किल्लीला आहे.